जड आधी पडतं का? मफिनचे कप, टेबल टेनिसचे बॉल आणि मोबाईल घेऊन हवेचा विरोध घरीच मोजायचा

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे आणि त्यातून पोरं एक वाक्य पाठ करून येतात, की सगळ्या वस्तू सारख्याच वेगाने खाली पडतात. मग एप्रिल-मे मध्ये हीच पोरं टेकडीवर जातात तर वावळीच्या झाडाच्या बियांच्या पातळ चकत्या भिरभिरत निवांत खाली येतायत आणि त्याच झाडाची वाळकी फांदी मात्र धाडकन पडतीये. पोरगं विचार करणारं असेल तर घरी येऊन विचारतं, आणि बऱ्याचदा उत्तर मिळतं की ते हवेमुळे होतं, परीक्षेत तसलं काही लिहू नको. मला हे उत्तर अजिबात पटत नाही. डोळ्याला दिसतंय ते खोटं माना आणि पुस्तकातलं खरं माना, असं शिकवलं तर तो विज्ञान कशाला शिकेल? "जड वस्तू आधी पडते" हे अर्धवट आहे आणि "सगळं सारखंच पडतं" हे पण अर्धवटच आहे, हवा किती आणि कधी आडवी येते ते मोजलं की दोन्ही वाक्यं आपापल्या जागी बसतात. आणि मोजायला लॅब लागत नाही, पुण्यातल्या वन बीएचकेमध्ये सुद्धा होतं.

आधी एवढंच डोक्यात ठेवा. पडणाऱ्या वस्तूवर दोन जोर महत्त्वाचे, एक तिचं वजन जे खाली ओढतं आणि पडताना बदलत नाही, दुसरा हवेचा विरोध जो वर ढकलतो आणि सारखा बदलत राहतो कारण तो वेगावर अवलंबून असतो. टू-व्हीलरवर मागे बसलेल्याने तळहात वाऱ्यासमोर उभा धरला तर वीसच्या स्पीडला काही वाटत नाही आणि साठला हात मागे खेचला जातो. वेग तिप्पट झाला तर जोर तिप्पट नाही, नऊपट होतो, म्हणजे वेगाच्या वर्गाने वाढतो (आपल्या घरगुती वस्तूंसाठी हा नियम चांगला चालतो, धुळीच्या कणांसारख्या अगदी बारीक गोष्टींना वेगळा नियम आहे). आता यातून काय निघतं बघा. वस्तू हातातून सुटते त्या क्षणी वेग शून्य, म्हणून हवेचा विरोध पण शून्य, म्हणजे कागद असो की दगड, सुरुवात दोघांची जवळजवळ सारखीच होते, पुण्यात दर सेकंदाला ९.७८ मीटर प्रति सेकंद या दराने वेग वाढायला लागतो. मग वेग वाढला की विरोध वाढतो, विरोध वाढला की वेग वाढायचं प्रमाण कमी होतं, आणि एका वेगाला विरोध बरोब्बर वजनाइतका होतो. तिथून पुढे वस्तू पडत राहते पण वेग वाढत नाही. हाच टर्मिनल व्हेलॉसिटी, अंतिम वेग. कागदाचा अंतिम वेग इतका कमी की तो हातभर अंतरातच गाठला जातो, दगडाचा इतका जास्त की पाचव्या मजल्यावरून टाकला तरी तो गाठायच्या आतच जमीन येते. टाकू नका अर्थातच.

सुरुवात फुकटातल्या प्रयोगाने करा, वहीचे दोन सारखे कागद घ्या, एकाचा घट्ट बोळा करा आणि दोन्ही एकदम सोडा. पंखा बंद, खिडक्या बंद. बोळा टपकन पडतो, कागद हेलकावे खात येतो. वजन दोघांचं एकच, हे पोराला काट्यावर दाखवून द्या. म्हणजे "जड म्हणून आधी पडलं" हे उत्तर इथेच संपलं.

बरेच जण यानंतर कागद वहीवर ठेवून वही सोडतात आणि दोन्ही एकत्र पडतात असं दाखवतात (कागद वहीपेक्षा लहान कापलेला पाहिजे, कडा बाहेर आल्या तर हवा त्याला उचलते). प्रयोग मस्त दिसतो पण तो शेवटचा पुरावा म्हणून दाखवू नका, कारण वहीच्या मागे हवेचा दाब कमी असतो आणि तो कागदाला थोडं वहीला चिकटवून ठेवतो, एखादं चौकस पोरगं हाच मुद्दा काढेल आणि त्याचं बरोबरच असेल. खरा स्वच्छ पुरावा हवाच नसलेल्या ठिकाणचा. २ ऑगस्ट १९७१ ला अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर उभं राहून एका हातातला १.३२ किलोचा हातोडा आणि दुसऱ्या हातातलं ससाण्याचं ३० ग्रॅमचं पीस एकाच वेळी सोडलं, साधारण १.६ मीटर उंचीवरून, आणि दोन्ही एकत्र खाली टेकले. चंद्रावर गुरुत्वाकर्षण आपल्या एक षष्ठांश म्हणून पडायला जवळपास १.४ सेकंद लागले. क्लिप नेटवर आहे, पोरांना आवर्जून दाखवा, पण मोजून झाल्यावर दाखवा, आधी नको.

आता मुख्य प्रयोग. मफिन किंवा कपकेक भाजायला जे चुण्यांचे कागदी कप मिळतात ते आणा, रविवार पेठेत केकचं सामान मिळतं तिथे पाकिटंच्या पाकिटं मिळतात, नाहीतर कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात. मोठ्या आकाराचे आणि साधे कागदाचे घ्या, फॉइलचे नको. हे कप का, तर ते एकात एक बसतात. एक कप, दोन कप, चार कप, बाहेरून आकार तोच राहतो आणि वजन फक्त बदलतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा प्रयोगाचा पाया आहे आणि इतक्या सहज ती करून देणारी वस्तू मला दुसरी माहीत नाही. पत्रावळीच्या दुकानातले कागदी द्रोण पण असेच एकात एक बसतात, पण ते जाड असतात त्यामुळे अंतिम वेग गाठायला जास्त उंची लागते, सोसायटीचा जिना मोकळा असेल तरच द्रोण घ्या. भेळवाल्याकडचा वापरलेला द्रोण नको, तेलाने वजन बदलतं.

एका कपाचं वजन घरच्या काट्यावर येत नाही, म्हणून शंभर कपांचं एकत्र वजन करा आणि शंभरने भागा. ३० ग्रॅम आलं तर एक कप ०.३ ग्रॅम.

मोबाईलचं सेटिंग नीट करा, सगळी मेहनत इथेच वाया जाते. भिंतीला गडद चादर टांगा, कारण पांढरा कप पांढऱ्या भिंतीवर दिसतच नाही. तिच्यावर शिवणकामाची टेप उभी चिकटवा, आणि टेपवरचे आकडे व्हिडिओत वाचता येत नाहीत म्हणून दर दहा सेंटीमीटरला रंगीत चिकटपट्टीची खूण करा. मोबाईल तीनेक मीटर लांब, स्टूलवर पुस्तकं रचून, आडवा नाही उभा, आणि त्याची उंची कप पडण्याच्या शेवटच्या एका मीटरच्या मध्यावर. हातात धरून शूटिंग करू नका. कप भिंतीपासून वीतभर पुढे सोडा, भिंतीला घासत गेला तर वेडावाकडा जातो. आता एक बारकी गोष्ट: कप टेपच्या पुढे असल्यामुळे कॅमेऱ्याला तो खरं सरकला त्यापेक्षा जास्त सरकल्यासारखा दिसतो, तीन मीटर अंतराला हा फरक सातेक टक्के येतो. वेगांचं गुणोत्तर काढायचं असेल तर याने काही बिघडत नाही कारण सगळ्यांनाच तो सारखा लागतो, पण खरा वेग हवा असेल तर टेप भिंतीऐवजी एका काठीला लावून काठी कपाच्या रांगेत उभी करा.

साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम घेतो. एक कप साधारण एक ते सव्वा मीटर प्रति सेकंदाने पडतो म्हणजे फ्रेममागे चार सेंटीमीटर, तेवढं पुरतं. स्लो मोशन वापरायचं तर वापरा पण काही फोन खरे किती फ्रेम घेतात ते नीट कळत नाही आणि प्ले करताना मध्येच वेग बदलतात, म्हणून दुसऱ्या मोबाईलवर स्टॉपवॉच चालू करून तो व्हिडिओत दिसेल असा ठेवा, मग शंका राहत नाही. नंतर व्हिडिओ कॉम्प्युटरवर घ्या, व्हीएलसीमध्ये ई चं बटण दाबत गेलं की एकेक फ्रेम पुढे जाते, किंवा ट्रॅकर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते खास याच कामासाठी बनवलंय, त्यात फ्रेमवर टिंब देत गेलं की ग्राफ आपोआप निघतो. पण पहिल्या वेळी वहीत हाताने लिहा. पोराने स्वतः आकडे लिहिले की त्याला ग्राफमध्ये काय चाललंय ते कळतं.

स्टूलवर उभं राहून कप दोन ते अडीच मीटरवरून सोडायचा. तळ खाली, तोंड वर. कडेला दोन बोटांनी हलकेच धरायचा आणि बोटं एकदम उघडायची, ढकलायचा नाही, फिरवायचा नाही. कप गिरकी घ्यायला लागला तर त्या वेळचं मोजमाप सरळ सोडून द्या आणि परत टाका, सरासरीत घेऊ नका, कारण तिरका कप म्हणजे वेगळाच आकार झाला. कपाच्या कडा सगळीकडे सारख्या उघडलेल्या असतील तर तो आपोआप सरळ पडतो, पाकिटात दबलेले कप आधी हाताने गोल करून घ्या. दुपारी खिडकीतून झुळूक येते, सकाळी लवकर किंवा रात्री करा, आणि कोणाला खोलीत ये-जा करू देऊ नका, माणूस शेजारून गेला तरी कप हलतो.

पहिली गोष्ट बघायची ती अशी की एकटा कप सुरुवातीच्या थोड्या अंतरानंतर दर फ्रेमला सारखंच अंतर कापतो. चार, चार, चार सेंटीमीटर. हा अंतिम वेग. मुक्त पतन असतं तर प्रत्येक फ्रेमला अंतर वाढत गेलं असतं. इथे पोराला थांबवून विचारा की वेग वाढत नाही म्हणजे गुरुत्वाकर्षण संपलं का? बहुतेक जण हो म्हणतात. वेग स्थिर आहे म्हणजे दोन्ही जोर समसमान आहेत, संपलेलं काहीच नाही, ही गोष्ट धड्यातल्या दहा व्याख्यांपेक्षा मोलाची आहे आणि ती इथे डोळ्यांनी दिसते.

मग दोन कप एकात एक, मग चार, मग नऊ. प्रत्येकाचा शेवटच्या टप्प्यातला वेग काढा. वजन दुप्पट केलं तर वेग दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होतो. चारपटीला दुप्पट, नऊपटीला तिप्पट. कारण विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, चारपट वजनाला तोलायला चारपट विरोध हवा आणि तो दुप्पट वेगालाच मिळतो. नऊ कपांना मात्र अडीच मीटर उंची कमी पडते, त्यांचा वेग शेवटपर्यंत थोडा वाढतच असतो, त्यामुळे आकडा तिपटीपेक्षा कमी आला तर घाबरू नका, जिन्यात उंचीवरून करा. ग्राफ पेपरवर खाली कपांची संख्या आणि उभ्या बाजूला वेगाचा वर्ग घ्या, टिंबं सरळ रेषेत यायला लागतात. वेगाच्या वर्गाऐवजी नुसता वेग घेतलेला ग्राफ पण शेजारी काढा, तो वाकतो. हे दोन ग्राफ शेजारी ठेवून बघितले की वर्गाचा नियम कोणी सांगावा लागत नाही.

ज्यांच्याकडे एवढा वेळ नाही त्यांच्यासाठी याच गोष्टीचा मोबाईल न लागणारा प्रकार आहे आणि शाळेत चाळीस पोरांसमोर दाखवायला हाच चांगला. एक कप एक मीटरवरून आणि चार कपांचा गठ्ठा दोन मीटरवरून, एकाच क्षणी सोडायचा. दुप्पट वेग, दुप्पट अंतर, म्हणजे दोघं एकत्रच टेकायला हवेत, आणि जवळजवळ तसंच होतं. जवळजवळ का? नीट बघितलं तर चार कपांचा गठ्ठा डोळ्याची पापणी लवेल एवढा मागे राहतो, कारण त्याला मोठा वेग गाठायचाय आणि त्यासाठी वेळ पण जास्त लागतो. हिशोब केला तर हा फरक सेकंदाच्या आठ-दहा शतांशाएवढा निघतो. पोरांनी हा फरक स्वतःहून पकडला तर त्यांना शाबासकी द्या, प्रयोग फसला असं म्हणू नका, नियम कुठे सुरू होतो तेच त्यांनी पकडलंय.

अकरावी-बारावीवाल्यांनी एक पाऊल पुढे जावं. अंतिम वेगाला वजन बरोबर हवेचा विरोध, आणि विरोध म्हणजे अर्धा गुणिले हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग गुणिले समोरचं क्षेत्रफळ गुणिले एक आकडा जो वस्तूच्या आकारावर ठरतो, त्याला ड्रॅग कोइफिशंट म्हणतात. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ, घनता अंदाजे १.१ किलो प्रति घनमीटर धरा, पुस्तकातली १.२ नको. समजा कप ०.३ ग्रॅमचा, वरचा व्यास ७ सेंटीमीटर आणि वेग १.२ मीटर प्रति सेकंद आला, तर क्षेत्रफळ ०.००३८५ चौरस मीटर आणि तो आकडा ०.९६ निघतो. एकच्या आसपास. गुळगुळीत चेंडूचा तो साधारण अर्धा असतो, म्हणजे तेवढ्याच रुंदीची वस्तू गोल केली तर विरोध निम्म्यावर येतो. केकच्या कपावरून आणि एका टेपवरून हा आकडा घरबसल्या निघतो याचं मला खरंच फार कौतुक वाटतं.

आता चेंडूचा प्रयोग, आणि यात थोडा इतिहास आहे. १७१० साली लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या आत काचेचे पोकळ गोळे २२० फुटांवरून खाली सोडले, काही पाऱ्याने भरलेले, काहींमध्ये नुसती हवा. पाऱ्याचे चार सेकंदात खाली आले, हवेचे आठ-साडेआठ सेकंद लागले, आणि न्यूटनने हे आकडे त्याच्या प्रिन्सिपिया या ग्रंथात घेतलेत. हवा नसती तर तेवढ्या उंचीवरून ३.७ सेकंद लागतात, म्हणजे पाऱ्याचा गोळा जवळपास मुक्तपणे पडला आणि रिकाम्याला दुपटीहून जास्त वेळ लागला, पण त्यांचा आकार सारखा नव्हता, हवेचे गोळे पाचेक इंचाचे आणि पाऱ्याचे इंचाहून लहान होते. आपण हेच टेबल टेनिसच्या दोन सारख्या आकाराच्या बॉलवर करायचं. एकाला सुईने बारीक भोक पाडून मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजने पाणी भरा (आतली हवा बाहेर यायला दुसरं भोक लागतं) आणि भोकं एमसीलने बुजवा, एमसीलचा डोंगर करू नका, पातळ थर द्या. रिकामा बॉल २.७ ग्रॅम, भरलेला पस्तीस-छत्तीस ग्रॅम, व्यास दोघांचा ४० मिलीमीटर, पृष्ठभाग तोच. खाली जाड गोधडी टाका आणि तीन मीटरवरून, म्हणजे जिन्याच्या कठड्यावरून, दोन्ही एका पट्टीवर ठेवून पट्टी झटक्यात खाली काढून सोडा. हाताने सोडले तर एक हात आधी सुटतोच. स्लो मोशनमध्ये बघाल तर भरलेला बॉल टेकतो तेव्हा रिकामा अजून वीत-सव्वा वीत वर असतो.

हाच प्रयोग एक मीटरवरून केला तर फरक दिसतच नाही, दोन्ही एकत्र पडल्यासारखे वाटतात. तो पण करा. म्हणजे पोराला कळतं की "सगळं सारखंच पडतं" हे वाक्य कमी उंचीला, घट्ट वजनदार वस्तूंना आणि कमी वेगाला चालतं. गॅलिलिओच्या नावावर पिसाच्या मनोऱ्याची जी गोष्ट सांगतात ती घडलीच असेल असं इतिहासकार खात्रीने म्हणत नाहीत, त्याने नोंदवलेलं मोठं काम उतरत्या फळीवरून गोळे सोडून केलेलं आहे, जिथे वेग कमी राहतो आणि हवा फारशी आडवी येत नाही. सोय म्हणून फळी निवडली आणि तिने हवेचा अडथळा पण बाजूला ठेवला.

पॅराशूट सगळ्यांना आवडतं म्हणून थोडक्यात. पतंगाचा कागद किंवा कचऱ्याची पातळ पिशवी कापून साठेक सेंटीमीटरचा गोल करा, कडेला आठ ठिकाणी चिकटपट्टी लावून तिथे भोकं पाडा, आठ दोरे सारख्या लांबीचे, साधारण व्यासाएवढे, आणि खाली वीस-तीस ग्रॅमचं खोडरबर किंवा नट. मध्यभागी दोन सेंटीमीटरचं भोक पाडा नाहीतर ते लंबकासारखं डोलतं, कारण अडकलेली हवा एकदा या कडेने एकदा त्या कडेने सांडत राहते. भोक असलेलं आणि नसलेलं असे दोन करून तुलना केली तर उत्तम. टेरेसवरून सोडायचं असेल तर मोठं माणूस बरोबर हवं आणि खाली एक जण उभा हवा. आणि स्कायडायव्हिंगच्या व्हिडिओत पॅराशूट उघडलं की माणूस वर उडाल्यासारखा दिसतो ना, तो वर जात नसतो, त्याचा वेग एकदम कमी होतो आणि कॅमेरावाला अजून तेवढ्याच वेगाने खाली चाललेला असतो. पोटावर आडवा पडणारा स्कायडायव्हर ताशी २०० किलोमीटरच्या आसपास अंतिम वेगाला पोचतो. हवा विरळ असेल तर मात्र हा आकडा कितीतरी वाढतो, १४ ऑक्टोबर २०१२ ला फेलिक्स बाउमगार्टनरने साधारण ३९ किलोमीटरवरून उडी मारली आणि तो ताशी १३५७ किलोमीटरच्या वर गेला, आवाजाच्या वेगापेक्षा जास्त. खाली दाट हवेत आला तसा पॅराशूट उघडायच्या आधीच त्याचा वेग आपोआप कमी झाला.

पावसाळ्यात हे सगळं आपल्या डोक्यावर पडत असतं. दोन किलोमीटरवरच्या ढगातून सुटलेला थेंब हवा नसती तर ताशी सातशे किलोमीटरने आला असता, छत्रीची चाळण झाली असती. प्रत्यक्षात एक मिलीमीटरचा थेंब सेकंदाला चारेक मीटरने आणि पाच मिलीमीटरचा टपोरा थेंब नऊ मीटरने येतो. वळवाचा पाऊस हातावर लागतो आणि जुलैतली झिमझिम लागत नाही ती यामुळे. मोठा थेंब वेगात का, तर व्यास दुप्पट केला की वजन आठपट होतं पण हवेला सामोरं जाणारं क्षेत्रफळ चारपटच वाढतं. त्याच हिशोबाने मुंगी चौथ्या मजल्यावरून पडली तरी चालायला लागते. थेंब चित्रात काढतात तसा वर टोकदार पण नसतो, बारीक थेंब गोल असतो आणि मोठा खालून चपटा होतो, आणखी मोठा झाला की हवेच्या दाबाने फुटतो. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत यासाठी उभा वाऱ्याचा बोगदा वापरला गेलाय, खालून वारा सोडायचा तो थेंबाच्या अंतिम वेगाएवढा ठेवला की थेंब जागच्या जागी तरंगतो आणि त्याचा अभ्यास करता येतो. घरी याची सोपी आवृत्ती करता येते, हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून तोंड वर धरायचं आणि रिकामा टेबल टेनिसचा बॉल त्यावर सोडायचा. जिथे बॉल थांबतो तिथला वारा बॉलच्या अंतिम वेगाएवढा, म्हणजे सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास. पाणी भरलेला बॉल टाकून बघा, ड्रायर त्याला पेलत नाही.

शेवटचा प्रयोग ज्यांना वरचं सगळं जमलंय त्यांच्यासाठी. रिकामा बॉल सरळ वर फेका आणि व्हिडिओत फ्रेम मोजा, हातातून सुटल्यापासून वर पोचेपर्यंत किती आणि तिथून त्याच उंचीला परत येईपर्यंत किती. मोजायच्या आधी पोराला अंदाज लिहायला लावा, कारण इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, पुस्तकात दोन्ही वेळ सारखे असतात. बॉल वर जाताना वजन आणि हवा दोन्ही त्याला खाली ओढतात, खाली येताना हवा उलट्या बाजूने लढते. शिवाय हवेने त्याची ऊर्जा सारखी खाल्लेली असते, म्हणून कुठल्याही एका उंचीवर बघितलं तर वर जातानाचा वेग उतरतानाच्या वेगापेक्षा जास्तच असतो, म्हणजे वर जायला वेळ कमी आणि खाली यायला जास्त. फरक मोजता येण्याएवढा हवा असेल तर बॉल निदान चार-पाच मीटर वर गेला पाहिजे, त्यामुळे हे पार्किंगमध्ये किंवा मैदानावर वारा पडलेला असताना करा, पुण्यात डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी त्यासाठी सगळ्यात चांगल्या. कॅमेरा लांब ठेवा म्हणजे पूर्ण उड्डाण एका चौकटीत मावेल, आणि पांढरा बॉल आकाशासमोर दिसत नसेल तर केशरी घ्या.